पालथ्या डब्यांचा रंगमास्तर

बद्रीनाथरावांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतायत. त्यांच्या जावयाचा मला फोन आला. सत्कार आहे, गौरवअंक निघतोय, "तुम्ही त्यांच्या हाताखाली काम केलंय, दोन पानं लिहून द्या. चांगलंचुंगलं लिहा, जुनं काही उकरू नका." म्हणजे उकरण्यासारखं काही आहे, हे जावयालाही ठाऊक आहे. तर लिहिते. अंकात बाकीचे त्यांना अहो-जाहो करतीलच. माझ्या तोंडात चाळीस वर्षं तो 'तो'च आहे आणि आता बदलायचा नाही.

बद्रीनाथ लासूर स्टेशनचा. वडिलांची धान्याची आडत. मुलगा इंटर सायन्सला दोनदा बसला आणि दोनदा आपटला. कारखान्याचे मालक काकासाहेब हे त्याच्या आत्याचे दीर. काकासाहेबांनी जमीन विकली आणि चिकलठाण्याच्या वसाहतीत रंगाचा कारखाना टाकला. रंगाचाच का, तर शेजारच्या शेडमध्ये पत्र्याचे डबे बनत होते म्हणून. शेजारी पापड लाटत असते तर काकासाहेबांनी पापडखार काढला असता. घरचा माणूस हवा म्हणून त्यांनी बद्रीनाथला स्टोअरवर बसवलं. दोन वर्षांनी जुना रंगमास्तर कंटाळून मुंबईला गेला, खुर्ची रिकामी झाली आणि बद्रीनाथ तिच्यावर जाऊन बसला. खुर्ची भरायला अक्कल लागत नाही, बूड पुरतं.

मी १९८२ साली तिथं लागले. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली मी एकटीच, त्यामुळे प्रयोगशाळा म्हणजे मी आणि एक टेबल. माझ्याकडे रंग किती बारीक दळला गेलाय ते मोजायची पोलादी पट्टी होती. तिच्यात उतरती खाच असते. खाचेत रंग ओढायचा आणि कण कुठं दिसायला लागतात ते वाचायचं. पहिल्या दिवशी मला ती बद्रीनाथच्या टेबलावर सापडली. पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली. त्याची स्वतःची तपासणी वेगळी होती. रंगात बोट बुडवायचं, अंगठ्याच्या नखावर चोळायचं, वर फुंकर मारायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "अजून दोन तास फिरवा." एक तास कधी नाही, तीन कधी नाहीत.

"रंग हाताला कळतो, आशाबाई," तो मला म्हणाला. "पट्टीला नाय."

त्याच्या हाताला काय कळायचं ते सांगते, पण आधी रंग म्हणजे काय ते सांगायला हवं. तेलात भिजवलेली भुकटी, एवढंच. पण भुकटीचे कण एकमेकांना सोडत नाहीत, पिठल्यात बेसनाच्या होतात तशा त्यांच्या गुठळ्या होतात. गिरणीतले पोलादी गोळे त्या फोडतात. गिरणी थांबली की कण पुन्हा एकमेकांना गाठतात, जड होतात आणि डब्याच्या बुडाशी जाऊन बसतात. त्यांना सुटं ठेवायला दळतानाच एक द्रव घालावा लागतो. त्याच्या रेणूचं एक टोक कणाला घट्ट धरतं आणि दुसरं, लांब शेपटासारखं, तेलात पसरतं. प्रत्येक कणाभोवती असं शेपटांचं कुंपण झालं की दोन कण जवळच येऊ शकत नाहीत आणि रंग महिनोन्महिने सारखा राहतो. आमच्या गेरूच्या रंगात शंभर किलो भुकटीला हा द्रव दीड किलो लागायचा. पिंपावर त्याचं भलंमोठं इंग्रजी नाव होतं. कारखान्यात सगळे त्याला 'दवा' म्हणत. ते नाव हबीबनं दिलेलं.

हबीब गिरणीवर होता. चिकलठाणा गावातलाच, अंगानं काटकुळा, कमी बोलणारा. गिरणीच्या अंगाला तळवा लावून आतल्या गोळ्यांचा आवाज ऐकायचा आणि माल झाला की नाही ते सांगायचा. मी पट्टीवर बघायचे, तर त्याचं बरोबर निघायचं. त्याला नऊ वर्षं झाली होती आणि तो अजून कायम नव्हता. आमच्याकडे मस्टरची एक रीत होती. कायम माणसाचं नाव शाईनं लिहायचं, बाकीच्यांचं पेन्सिलीनं. गिरणीवाले, गोदामवाले, प्रयोगशाळा, सगळे पेन्सिलीत. माणूस नकोसा झाला की चिठ्ठी नाही, नोटीस नाही, नुसतं खोडरबर. हबीब रोज सही करताना आपल्या नावावर बोट न टेकवायची काळजी घ्यायचा. पुसट व्हायचं म्हणून.

मी लागल्यावर दुसऱ्या वर्षी बद्रीनाथला काटकसरीचं वेड लागलं. रोज सकाळी तो गिरणीवर परची पाठवायचा, भुकटी इतकी, तेल इतकं, दवा इतकी. हबीब परचीप्रमाणे माल भरायचा आणि परची खिळ्याच्या तारेत ओवून ठेवायचा. एका सकाळी परचीवर दवा निम्मी झाली. महिन्याभरानं निम्म्याची निम्मी.

हबीब माझ्याकडे आला. "मैडम, साब दवा बहुत कम लिखरे. दाने फिर जाके मिल जाते. तुम बोलो ना उनकू."

मी गेले. बद्रीनाथ हसला. "मुंबईवाल्याचा साबण आहे तो, दुसरं काय? आपल्या आज्यानं भिंतीला चुना लावला, त्यात कुठं दवा होती?"

"आजोबा दर वेळी चुना ढवळून लावत होते," मी म्हटलं.

"मग आपण बी ढवळू की!"

आणि खरोखरच त्यानं ते केलं. दर शनिवारी जेवणानंतर गिरणी बंद करायची आणि झाडून सगळ्यांनी गोदामातला एकेक डबा पालथा घालायचा. पुढच्या शनिवारी पुन्हा सुलटा. म्हणजे बुडाशी बसलेला रंग सुटेल. वीस माणसं, हजारो डबे. हबीबची कंबर त्यातच धरली. जे काम दीड किलो दवा गपचूप करत होती, ते बद्रीनाथनं माणसांच्या पाठीवर दिलं आणि त्याला काटकसर म्हटलं. काकासाहेब खूष.

पण डबा दुकानात गेल्यावर कोण पालथा घालणार? यावरही त्याला उत्तर सुचलं. पूजेला बसलो असताना सुचलं, असं तो सांगे. देवाला यात ओढायचं काही कारण नव्हतं. त्यानं डब्यांवरची लेबलं उलटी चिकटवायला लावली. दुकानदार अक्षरं सरळ दिसतील असाच डबा मांडणार, म्हणजे झाकण खाली. रंग बसला तर झाकणावर बसणार. गिऱ्हाईक डबा सुलटा करून झाकण उघडणार, तर झाकणाला हा दाट थर! खाली उरलेलं लाल तेल त्याला दिसेपर्यंत डबा विकला गेलेला असणार.

सांगायला लाज वाटते, पण ते चाललं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणारे झाकणावरचा थर बघून म्हणायचे, "मलई हाय, मलई!" एक हंगाम आमचा गेरू हातोहात खपला. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली तेव्हा काकासाहेबांनी बद्रीनाथला शाल-नारळ दिला आणि "आमचा शास्त्रज्ञ" म्हणाले. रसायनशास्त्राच्या पदवीला पेढा मिळाला. त्याच वेळी काकासाहेबांनी हबीबच्या खांद्यावर हात ठेवला. "पुढल्या दसऱ्याला तुझं नाव शाईनं." हबीबनं ते घरी जाऊन सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्याची बायको मेहरुन्निसा हिनं सगळ्यांसाठी शीरखुर्मा पाठवला. ईद नसताना.

मलई पुढच्या उन्हाळ्यात फाटली. जूनमध्ये लासूरहून एक ट्रॉलीवाला आला. परका नाही, बद्रीनाथचाच चुलतभाऊ. त्यानं डबा परत आणला नाही, रंगवलेली ट्रॉलीच ओढत आणून फाटकात उभी केली. एका बाजूला मलईचे जाड थर, उन्हानं तडकलेले. दुसऱ्या बाजूला रंग इतका पातळ की खालचे वेल्डिंगचे टाके मोजून घ्यावेत. बाजारच्या दिवशी सगळं लासूर हसलं, असं तो ओरडून सांगत होता. काकासाहेब खाली आले. आम्ही सगळे जमलो.

बद्रीनाथ ट्रॉलीजवळ गेला. तडकलेली खपली काढली, नखावर चोळली, फुंकर मारली, डोळे मिटले. मला वाटलं आता दोन तास म्हणतो. तर म्हणाला, "दवा कमी पडली."

ज्याला तो वर्षभर साबण म्हणत होता, ती दवा. इथवर मला हसू येत होतं.

"दवा हबीबच्या हातात असती," तो पुढं म्हणाला. "बाहेर विकली असंल."

हबीब धावत गिरणीवर गेला आणि परच्यांची तार घेऊन आला. "साब, परची पे जो लिखे वोइच डाला. पढ के देखो. एक एक परची है." काकासाहेबांनी तार घेतली नाही. भाच्यासारखा माणूस समोर उभा, शाल त्यांनीच घातलेली, काटकसरीला मान त्यांनीच डोलावलेली. परच्या वाचल्या तर कुणाचं नाव निघेल हे त्यांना नीट माहीत होतं. ते माझ्याकडे वळले.

"बाई, तुमच्या वहीत काय हाय? पायजे तेवढी दवा पडली का नाय?"

माझ्या वहीत सगळं होतं. दीड किलो पाहिजे, परचीवर पावणेचारशे ग्रॅम, परची कुणाची, तारीख कुठली. माझ्याच अक्षरात.

"नाही," मी म्हटलं. "पाहिजे तेवढी पडलेली नाही."

शब्दन् शब्द खरा होता. कमी कुणी लिहिली, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हबीब माझ्याकडे बघत राहिला. मी पुढं काही बोलेन म्हणून थांबला असावा. मी वही मिटली.

मस्टर बद्रीनाथनंच मागवलं. तिथंच, ट्रॉलीच्या फळीवर ठेवून, त्यानं हबीबचं नाव खोडलं आणि रबराचा चुरा फुंकून टाकला. नखावर फुंकायचा तसाच. जाताना हबीब प्रयोगशाळेत आला. ती तार माझ्या टेबलावर ठेवली.

"मैडम, ये तुम रखो. तुमकू पढना आता."

एवढंच म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून परचीवर दवा पुन्हा दीड किलो झाली, लेबलं सरळ झाली, शनिवार बंद झाले. मालाचा दोष बद्रीनाथनंच शोधून काढला, असं अजूनही सांगतात. गौरवअंकात कुणीतरी लिहिलंच असेल. हबीब पुढं कितीतरी वर्षं शहागंजात मजुरांच्या अड्ड्यावर सकाळी ब्रश घेऊन उभा असायचा. मला माहीत आहे, कारण तो दिसला की मी रस्ता ओलांडायचे.

त्या दसऱ्याला मस्टरमध्ये एक नाव शाईनं लिहिलं गेलं. काकासाहेबांनी स्वतःचं पेन दिलं, बद्रीनाथनं लिहिलं. माझं. त्या शाईवर मी तेवीस वर्षं पगार घेतला आणि तेवढी वर्षं बद्रीनाथला मनातल्या मनात शिव्या घातल्या. त्यानं माझं काम सोपं केलं होतं. इतका नालायक माणूस शेजारी असला की आपल्याकडे बघायची वेळ येत नाही.

जावईबापू, चांगलंचुंगलं लिहा म्हणालात. बद्रीनाथरावांचं अक्षर सुंदर होतं. पुरावा म्हणून तार सोबत पाठवते आहे, तीनशे बारा परच्या, एकही फाटलेली नाही. छापता आल्या तर छापा. या मजकुराखाली माझं नाव आहे, ते मी पेन्सिलीनं लिहिलंय. नको असेल तर रबर तुमच्या घरात आहेच.