फोकसकाकांचा निबर हात

ज्यांचं नाव जाहिरातीत येत नाही, प्रयोग संपल्यावर ज्यांच्याबरोबर कोणी फोटो काढत नाही, आणि एखादा दिवा चुकला तर मात्र ज्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो, अशा जमातीत फोकसकाकांनी चौतीस वर्षं काढली. नाट्यगृहातले दिवे सांभाळणं हे त्यांचं काम. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी साऱ्या जगासाठी ते फोकसकाका.

मग नाट्यगृहाने संगणकाचा बोर्ड आणला. एक बटण दाबलं की चाळीस दिवे आपापली कामं मुकाट्याने करू लागले आणि काका घरी आले. त्यांच्या निरोपसमारंभात व्यासपीठावर इतका भगभगीत उजेड सोडला होता की काका भाषणभर डोळे मिचकावत राहिले. लोकांना वाटलं, बिचारे रडताहेत.

घरी आल्यावर उजेडाला गिऱ्हाईक नव्हतं. काकू पेपर वाचायला बसल्या की काका टेबललॅम्प इकडून तिकडे सरकवायचे.

"जरा डावीकडे वळून बस. नाकाची सावली ओठांवर पडतेय."

"पडू दे. सावलीला वजन नसतं."

असे दिवस चालले असताना शेजारी एक इमारत उभी राहिली आणि तिने काकूंच्या बाल्कनीतलं ऊन गिळून टाकलं. काकूंची तेरा झाडं होती. महिन्याभरात तेराच्या तेरा झाडांनी माना टाकल्या. एका सकाळी काकू चहाचा कप घेऊन काकांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "एलईडी दिव्यांखाली घरात झाडं वाढतात म्हणे. आतल्या खोलीत तुम्ही लावून द्याल का?"

लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात काकूंनी काकांकडे बाजारातल्या पिशव्या मागितल्या, डॉक्टरांकडचे नंबर मागितले, अधूनमधून माफीही मागायला लावली. पण उजेड कधी मागितला नव्हता. काकांनी कप खाली ठेवला आणि दोन दिवसांत आतल्या खोलीचं नाट्यगृह करून टाकलं. छताला हुक, हुकांना साखळ्या, साखळ्यांना एलईडीच्या पट्ट्या, भिंतीवर उजेड कमीजास्त करायचा डिमर. बाजूने एक स्पॉटही.

नेमकी त्याच आठवड्यात मुलगी घसरून पडली आणि तिच्या पायाला प्लॅस्टर बसलं. काकूंना सहा आठवडे तिच्याकडे जाणं भाग होतं. निघताना बॅग दारात ठेवून त्यांनी काकांना पहिल्यांदा आणि शेवटचं म्हणून समजावलं.

"पानाच्या उंचीवर हात धरायचा. अर्धा मिनिट. हाताला चटका जाणवला तर समजायचं, पानालाही जाणवतोय. मग दिवा वर घ्यायचा. कळलं?"

"अगं, दिवे मला शिकवतेस?"

"दिवे नाही, झाडं शिकवतेय. परत आले आणि झाडं भाजलेली दिसली, तर आल्या पावली सगळी मास्तरीणबाईंकडे पाठवीन. आणि तुमच्या साखळ्या माळ्यावर."

मास्तरीणबाई म्हणजे खालच्या मजल्यावरच्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे झाडंसुद्धा ओळीत आणि उंचीनुसार उभी असत. त्यांच्याकडे आपली झाडं जाणं म्हणजे काकांच्या दृष्टीने दुसऱ्यांदा निवृत्त होणं. आणि या वेळी निरोपसमारंभही नाही.

काका झटून कामाला लागले. आता, झाड वाढवणारा माणूस झाडाकडे झाड म्हणून बघतो. काकांनी त्यांच्याकडे नटसंच म्हणून बघितलं. पीस लिली ही नायिका. नेचा ही केस मोकळे सोडलेली तिची मैत्रीण. स्नेक प्लांट म्हणजे अंकभर भाला घेऊन उभे राहणारे आणि एकही वाक्य नसलेले सैनिक. नायिकेच्या चेहऱ्यावर उजेड कमी पडला तर काय होतं हे काकांना चांगलं ठाऊक होतं. एका बाईंनी त्यांना मध्यंतरात चप्पल दाखवली होती. त्यामुळे लिलीच्या डोक्यावर वीतभर अंतरावर पट्टी आली. शिवाय बाजूचा स्पॉट. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत अखंड प्रयोग.

हाताची परीक्षाही ते रोज न चुकता घेत. पानाच्या उंचीवर तळहात धरायचा, तीस आकडे मोजायचे. थंडगार! काका खूश होऊन पुढच्या कुंडीकडे वळत.

इथे त्या हाताविषयी दोन शब्द सांगायला हवेत. काकांच्या काळातले हॅलोजनचे दिवे तव्यासारखे तापत. प्रवेश चालू असताना दिवा जरा खाली वळवायचा असेल, तर हातमोजे शोधायला वेळ कुठला? काका नुसत्या हाताने वळवत. चौतीस वर्षांत त्या तळव्यांवर असं कातडं चढलं होतं की गॅसवरचं उकळतं भांडं ते चिमट्याशिवाय उचलून गप्पा मारत उभे राहायचे. असा हात थर्मामीटर म्हणून वापरणं म्हणजे ठार बहिऱ्याला गाण्याच्या स्पर्धेत परीक्षक बसवणं.

सहाव्या दिवशी लिलीच्या वरच्या पानांवर पांढुरके डाग दिसले, जणू कोणी ब्लीच शिंपडलंय. आठव्या दिवशी कडा तपकिरी आणि जुन्या पेपरासारख्या कुरकुरीत झाल्या. नेच्याचे केस आखडले. काकांनी निदान केलं: तहान. त्यांनी पाणी वाढवलं. म्हणजे वरून वणवा आणि खालून पूर. बिचारी झाडं जाणार कुठे?

संध्याकाळी काकूंचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी डिमर निम्म्यावर आणला, स्पॉटवर सोनेरी जिलेटिनचा कागद लावला, आणि लिलीची कुंडी फिरवून तिची बरी बाजू पुढे केली. उतारवयातल्या कितीतरी नायिकांना त्यांनी असंच तरुण ठेवलं होतं.

"लिली भिंतीकडे तोंड करून का बसलीय?" काकूंनी विचारलं.

"लाजतेय."

"माझ्यासमोर कधी लाजली नाही ती. आणि खोलीत सूर्यास्त का झालाय?"

"नेटवर्क बरोबर नाही इकडे," असं म्हणून काकांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. पर्समध्ये मोजपट्टी बाळगणारी जगातली बहुधा एकमेव बाई दारात उभी होती.

"तुमच्या मंडळींचा फोन होता," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि सरळ आतल्या खोलीत गेल्या. झाडांपुढे हात मागे बांधून, परीक्षेच्या वर्गात फिरावं तशी त्यांनी एक फेरी मारली. मग वळून म्हणाल्या, "पाणी का घातलंत एवढं?"

"सुकत होती म्हणून."

"प्रश्न नीट वाचत जा. जळलेली पानं कुठे आहेत?"

"वर."

"खालची कशी आहेत?"

काकांनी वाकून पाहिलं. "हिरवी."

"मग त्रास कुठून येतोय?"

"वरून."

"आणि वर कोण आहे?"

"वरच्या मजल्यावर ते दातांचे डॉक्टर..."

"दिवे, हो! तुमचे दिवे!"

"शक्यच नाही. हात लावून बघतो मी रोज." काकांनी पट्टीखाली तळहात धरून दाखवला. "बघा. थंडगार."

मास्तरीणबाईंनी आपला हात उपडा धरला आणि मोजू लागल्या. चौदाव्या आकड्याला त्यांनी तो झटकन मागे घेतला. मग त्यांनी पर्समधून टोक केलेली पेन्सिल काढली, काकांचा तळहात उलटा केला आणि त्यावर टोचली.

"कळतंय?"

"काय?"

त्यांनी काकांची नजर हाताकडे वळवली. पुन्हा टोचली, या वेळी काका बघत असताना. काकांना पेन्सिल दिसली, टोचलेली काही जाणवली नाही. ज्या हातांचा त्यांना अभिमान होता, त्या हातांनी नऊ दिवस त्यांना साफ खोटं सांगितलं होतं. ते स्टुलावर बसले.

मास्तरीणबाईंचा आवाज उतरला. "तुमचा हात भाजत नाही म्हणून जग थंड होत नाही, काका. आणि नुसती उष्णताच नाही. अति उजेडानेही पानाचा रंग उडतो, खिडकीतल्या पडद्याचा उडतो तसा. सावलीतून आलेली झाडं ही. एकदम एवढं कशी सोसतील?"

"हिला सांगणार का तुम्ही?"

"मी चुगल्या करत नाही. पण विचारलं तर खोटंही बोलणार नाही. साडेचार आठवडे आहेत. पेपर सोडवा."

त्या गेल्या आणि काका विचारात पडले. हात गेले. गाल? गालांवर दाढीचे खुंट. कोपर? ते हातांचंच भावंड. विचार करता करता त्यांनी सवयीने डोकं खाजवलं, आणि उत्तर बोटांखालीच सापडलं. कामावर असताना ते कायम टोपी घालत. टोपीखालचं टक्कल चौतीस वर्षं कसलीही आच न लागता लहान बाळासारखं कोवळं राहिलं होतं!

त्यांनी लिलीच्या शेजारी स्टूल ठेवलं, टक्कल वरच्या पानाच्या पातळीत येईल असे बसले आणि मोजू लागले. नवव्या आकड्याला "आई गं!" म्हणून उठले. साखळीची एक कडी वर. पुन्हा बसले. आणखी एक कडी. पट्टी पानापासून दीड फुटावर गेली तेव्हा कुठे तीस आकडे सुखाने झाले. तेरा कुंड्यांपाशी तेरा बैठका झाल्या. सैनिकांसाठी त्यांना जमिनीवर मांडी घालावी लागली.

उष्णता आटोक्यात आली. उरला उजेड, आणि त्यात काकांना शिकवणारा अजून जन्माला यायचा होता. त्यांनी बाजूचा स्पॉट काढून टाकला. पट्ट्यांखाली बटरपेपर ताणून झोताचं टोक मोडलं. नवख्या नटीला पहिल्याच दिवशी झोतात ढकलायचं नसतं, हे आपण कसं विसरलो म्हणून त्यांनी स्वतःला चार शिव्या घातल्या. मग डिमर मंद ठेवून रोज सहाच तास, दर दोन दिवसांनी थोडा उजेड आणि थोडा वेळ वाढवत, दहा तासांवर आणून थांबवलं. पुढे अंधार. झाडांनाही मेकअप उतरवायला वेळ हवा. मातीत घातलेलं बोट कोरडं बाहेर आलं तरच पाणी. कोपऱ्यात छोटा पंखा, ऊब साचू नये म्हणून.

जळलेली पानं मात्र पुन्हा हिरवी होईनात. मास्तरीणबाई अधूनमधून तपासायला येत. "चुकलेलं उत्तर खोडलं तरी दिसतंच," त्या म्हणाल्या. "अर्धं हिरवं आहे ते कापू नका, अजून काम करतंय. पुढचं बरोबर लिहा."

काकू तीन दिवस आधीच परत आल्या. स्वतःच्या किल्लीने दार उघडून त्या आतल्या खोलीपर्यंत पोहोचल्या आणि बॅगेसकट थबकल्या. लिली आणि नेच्याच्या मधोमध त्यांचे पती स्टुलावर डोळे मिटून बसले होते. टक्कल पानांमधून भोपळ्यासारखं वर आलं होतं आणि त्यावर मंद प्रकाश पडला होता.

"सव्वीस... सत्तावीस..."

"अहो! हे काय चाललंय?"

"थांब, तीनच राहिलेत."

तीस झाल्यावर काकांनी डोळे उघडले आणि सगळं सांगून टाकलं. सोनेरी कागदासकट. काकूंनी लिलीची कुंडी फिरवून पाहिली, मग काकांचा हात हातात घेऊन तो पाहिला.

"इतकी वर्षं मला वाटायचं, गरम भांडी तुम्ही रुबाब दाखवायला उचलता."

"थोडा रुबाबही होताच."

काकू हसल्या नाहीत. "जळलेली पानं किती?"

"अकरा."

"नवी?"

"तीन."

"उणे आठ," दारातून मास्तरीणबाई म्हणाल्या. बॅग जिन्यावरून चढताना त्यांनी ऐकली होती.

"मग शब्द म्हणजे शब्द," काकू दाराकडे वळून म्हणाल्या. "झाडं तुमच्याकडे. घेऊन जा."

काका उठले. स्टुलावर चढून त्यांनी पहिली साखळी हुकावरून काढायला घेतली.

"एक मिनिट," मास्तरीणबाई म्हणाल्या. "झाडं न्यायला काही हरकत नाही. पण त्या नव्या इमारतीपायी माझ्या आतल्या खोलीत माझीच नऊ झाडं अंधारात शिक्षा भोगताहेत. त्यांत ही तेरा नेऊन काय करू? बावीसचा पाचोळा? मला झाडं नकोत. मला हे हवेत, दोन दिवस. साखळ्यांसकट आणि टकलासकट."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो हुकाशी हात थांबवून, खाली न बघता, अंग चोरून उभा होता.

"तुम्हाला बोलावताहेत," त्या म्हणाल्या. "आणि ती साखळी सोडा. वाकडी होईल पट्टी."

काकांनी साखळी पुन्हा अडकवली, सावकाश खाली उतरले आणि घसा खाकरला.

"तारखा बघाव्या लागतील," ते म्हणाले.

"तारखा मी बघते," काकू म्हणाल्या. "उद्या सकाळी नऊ वाजता. टोपी न घालता जा."