सही करा, तारीख घाला

आमच्या गावात देल्फिना उर्किसाला कोणी तोंडी वचन देत नाही. दिलंच तर ती पर्समधून हिरव्या पुठ्ठ्याची वही काढते, समोरच्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिते, वही त्याच्याकडे फिरवते आणि म्हणते, "सही करा. तारीख घाला." टायरवाल्याने सही केली आहे, दाताच्या डॉक्टरने केली आहे, आणि बाप्तिस्म्याची वेळ दोनदा बदलली म्हणून फादर अन्सेल्मोंनीसुद्धा निमूटपणे केली आहे. सुटला तो एकटा तिचा नवरा नाचो. तो म्हणतो, "लग्नाच्या दिवशी केली ना एकदा, तेवढ्यावर भागव."

लोक तिची टिंगल करतात. पण घरात एखादा अवघड कागद आला की हेच टिंगल करणारे कागद घेऊन तिच्या दारात उभे. गेल्या वर्षी धोबीखान्याशेजारच्या गाळ्यात एक गोडबोल्या माणूस येऊन बसला होता. कॉलेजच्या आर्थिक मदतीचे अर्ज भरून देतो म्हणून त्याने अकरा घरांचे कागद घेतले आणि एका सोमवारी गाळ्याला कुलूप लागलं. देल्फिनाने पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे वही ठेवली होती. तेव्हा पेन चालत नाही म्हणाला होता तो. त्या सोमवारपासून देल्फिना ज्याला खोटं म्हणेल ते गावात खोटंच.

हा संशय ती आईच्या पोटातून घेऊन आलेली नव्हती. एकोणीस वर्षांपूर्वी तीही इतरांसारखीच होती, सांगितलं की मान डोलवणारी. आमच्याकडे गरिबाच्या पोरांचा रस्ता ठरलेला आहे. गावाजवळच्या दोन वर्षांच्या कॉलेजात शिकायचं, प्रत्येक विषयामागे मिळणारी क्रेडिट साठ जमवायची आणि ती घेऊन राज्य विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं. देल्फिनाला शिक्षिका व्हायचं होतं. तेव्हाची काउन्सेलर बाई टेबलावर काचेच्या भांड्यात गोळ्या ठेवायची. "हा विषय घे, तोही घे," ती म्हणाली, "काही वाया जात नाही, पोरी."

दोन वर्षांनी विद्यापीठाने साठातली अठरा क्रेडिट बाजूला काढली. त्यात मुलांच्या वाढीचा विषयही होता. पुस्तक तेच, धडे तेच, परीक्षासुद्धा तशीच. पण विद्यापीठ म्हणालं, तुमचा आमचा विषय जुळत नाही, पुन्हा करा. म्हणजे आणखी एक वर्ष. त्याच हिवाळ्यात तिचे वडील संत्र्याच्या बागेत शिडीवरून पडले, आणि ते जास्तीचं वर्ष घरात कुठेच मावेना. ती काउन्सेलर बाईकडे जाब विचारायला गेली. बाईने भुवया उंचावल्या. "असं मी म्हणाले होते?" आणि गोळ्यांचं भांडं तिच्यापुढे सरकवलं.

पहिली वही त्या संध्याकाळी घेतलेली आहे. आता ती तिसरी चालू आहे.

पुढे ती प्राथमिक शाळेत वर्गमदतनीस म्हणून लागली. सतरा वर्षांत सात नव्या शिक्षिका आल्या. कोणतं पोर उपाशी आलंय, कोणाच्या घरी काल भांडण झालंय, कोणाला फळा दिसत नाही, हे सगळं त्यांना देल्फिनाने शिकवलं. शिकून त्या मोठ्या शाळांत गेल्या आणि देल्फिना छोट्या खुर्चीवर तशीच बसलेली राहिली. याचा तिला राग होता. ती बोलत नसे, पण खडू ठेवण्याच्या आवाजावरून वर्गाला कळायचं.

तीन वर्षांपूर्वी कॉलेजाने अशा मदतनिसांसाठी आणि दिवसभर राबणाऱ्या इतरांसाठीही संध्याकाळचे वर्ग काढले. तिला तिथे ओढून नेलं ते चायोने. चायो संत्र्यांच्या पॅकिंगच्या शेडमध्ये दिवसभर फळं निवडते आणि तिलाही शिक्षिका व्हायचंय. तिच्या मुलीची, इत्सेलची, देल्फिना धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतात. जुनी क्रेडिट, नवी क्रेडिट मिळून दोघींचं दोन वर्षांचं शिक्षण या फेब्रुवारीत पुरं झालं. विद्यापीठाचा अर्ज उन्हाळ्यात भरू, आधी नीट चौकशी करू, असं देल्फिनाचं ठरलं होतं.

आणि एप्रिलमध्ये एका मंगळवारी पत्र आलं. दोघींनाही, एकाच दिवशी. चायो पाकीट फडकावतच स्वयंपाकघरात शिरली. देल्फिना भाजीसाठी निवडुंगाची पानं तासत होती.

"कोमाद्रे, झालं! विद्यापीठाने जागा ठेवलीय. थेट तिसरं वर्ष!"

"अर्ज केला होतास?"

"नाही."

"मी केला होता?"

"नाही, पण इथे लिहिलंय ना, अर्जाची गरज नाही. नुसतं हो म्हणून कळवायचं."

देल्फिनाने हात पुसले. पत्र उजेडात धरलं, उलटं केलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं. 'आपली सर्व साठ क्रेडिट ग्राह्य धरण्यात आली आहेत. खालील क्रमांक टाकून संकेतस्थळावर जागा निश्चित करावी.' तिच्या मनात पाल चुकचुकली. एवढं गोड बोलणारं विद्यापीठ तिने पाहिलं नव्हतं.

"ज्यांनी मला अठरा क्रेडिटसाठी दारातून परत पाठवलं, ते आता न मागता पान वाढून बसलेत? आणि कुठल्याशा संकेतस्थळावर क्रमांक टाका म्हणे. कॉलेजनेच मागच्या महिन्यात कळवलं होतं ना, खोटी पत्रं फिरताहेत, कुठेही काही भरू नका म्हणून?"

"हो, पण..."

"नावसुद्धा बघ. उर्किसा अगदी बरोबर लिहिलंय. आजवर एका तरी सरकारी कागदाने माझं नाव बरोबर लिहिलंय का? हे चोराचं काम आहे. चोर मेहनत घेतो."

चायोचा चेहरा उतरला, पण वाद तिने घातला नाही. देल्फिनाशी कागदावरून कोण वाद घालणार! रविवारी अंगणात मांस भाजायचं होतं, तेव्हा कोळसा पेटवायला तिने ते पत्र वापरलं. देल्फिना मात्र काहीच फेकत नाही. तिने आपलं पत्र 'फसवणूक' लिहिलेल्या फोल्डरमध्ये ठेवलं.

दहा दिवस ते पत्र तिला आतून टोचत राहिलं. खोटं आहे हे ठरलेलं, मग टोचायचं कारण काय? शेवटी शुक्रवारी शाळा दीडला सुटली तशी ती फोल्डर घेऊन कॉलेजात गेली, विचारायला नव्हे, तक्रार करायला. बिचारी पोरं फसतील, कोणीतरी पोलिसांत कळवायला हवं.

आताचे काउन्सेलर मिस्टर थाओ तिशीचे असतील, आग्नेय आशियातून इथे आलेल्या ह्मोंग घरातले, इथेच शिकून इथेच लागलेले. गोळ्यांचं भांडं त्यांच्या टेबलावर नाही, हे देल्फिनाने पहिल्याच भेटीत बघून ठेवलं होतं. त्यांनी पत्र पाहिलं आणि खुर्चीतून उठलेच.

"मिसेस उर्किसा, तुम्ही अजून कळवलं नाहीत? आज शेवटची तारीख. पाच वाजेपर्यंत!"

"कसली तारीख? खोटं आहे हे."

"खरं आहे. या वर्षापासून नवीन पद्धत. ठरलेले विषय पुरे केले की अर्ज नाही, काही नाही, जागा राखूनच ठेवतात. आम्ही चार वर्षं त्यांच्या मागे लागलो होतो."

"मग सांगितलं का नाही?"

"ईमेल पाठवली ना, तीन वेळा, तारखेसकट."

"ती मी उघडली नाही. खोट्या ईमेल उघडू नका, असं तुम्हीच सांगितलं होतंत."

थाओंनी कपाळाला हात लावला. देल्फिनाने वही काढली. 'खरं आहे, जागा राखूनच ठेवतात' हे त्यांचे शब्द तिने लिहिले, त्यांनी सही केली, न सांगता तारीख घातली. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. तिने त्यांना विद्यापीठात फोन लावायला लावला, आवाज मोठा करायला लावला आणि पलीकडच्या बाईला तिचं नाव, हुद्दा, खोली क्रमांक विचारला. बाईने सगळं दिलं, वर म्हणाली, "आणि हो, पाच म्हणजे पाच. पाचनंतर ते पान बंद होतं आणि जागा पुढच्याला जाते."

मग थाओंनी विषयांची यादी पडद्यावर काढली. देल्फिना एकेक ओळ बोट लावून वाचत गेली. नवव्या ओळीवर बोट थांबलं. मुलांची वाढ, तीन क्रेडिट, एकोणीस वर्षांपूर्वीची. ग्राह्य.

ती आनंदली असेल असं कोणाला वाटेल. ती संतापली. "तोच विषय," ती म्हणाली. "तोच. तेव्हा नाही आणि आज हो? मी तेवढी वर्षं त्या छोट्या खुर्चीवर बसले ती कशासाठी?"

"चूक होती ती," थाओ हळूच म्हणाले. "तुमची नव्हे."

हे वाक्य तिला कोणी आजवर म्हटलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातच तिला चायो आठवली. अंगणातला कोळसा आठवला.

"चायो बेनितेसचं पत्र जळलं. मीच खोटं म्हणाले होते."

"त्या स्वतः ओळखपत्र घेऊन आल्या तर मी नवा क्रमांक काढून देतो. पण इथे, पाचच्या आत. आणि आधी तुमचं तरी करून टाका ना."

"आल्यावर," असं म्हणून ती निघाली. घाई होती हे खरं. पण ते बटण दाबायला हात धजत नव्हता, हेही तितकंच खरं.

शेडच्या फाटकाशी पोचली तेव्हा तीनची सुट्टी संपत आली होती. केसांवर जाळी, हातात मोजे, अशी चायो बाहेर आली. देल्फिनाने धापा टाकत सगळं सांगितलं. चायोने ऐकून घेतलं आणि ती जागची हलली नाही.

"दहा दिवसांपूर्वी कोण म्हणालं, चोराचं काम आहे?"

"मी."

"चोर मेहनत घेतो, कोण म्हणालं?"

"मीच म्हणाले, बाई! चुकले मी. आता चल."

"चल काय? पाळी अर्धी सोडली तर मुकादम नाव लिहितो. माझं दोनदा लिहून झालंय. तिसऱ्यांदा घरी बसवतात. आणि तिथे गेल्यावर पुन्हा काही निघालं तर?"

देल्फिनाने वही उघडून थाओंची सही दाखवली. चायोने त्या सहीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्याची सही मला काय करायची? तू लिहून दे."

"मी?"

"तूच. सगळ्या गावाकडून घेतेस ना? सही कर. तारीख घाल."

फाटकाजवळच्या बायका खुदखुदल्या. देल्फिनाने पेन काढलं आणि कोऱ्या पानावर टेकवलं. पेन पुढे जाईना. तिला टायरवाला आठवला, फादर आठवले. सही करण्याआधी सगळेच थोडे थांबायचे. त्या थांबण्यात लबाडी आहे असं ती आजवर धरून चालली होती. विद्यापीठ उद्या फिरलं तर? मुकादमाने खरंच काढलं तर? चायोच्या घरी दोन पोरं आहेत, त्यांतल्या एकीला तिने बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलं होतं. थाओंवर तिचा अर्धा विश्वास होता, विद्यापीठावर पावसुद्धा नव्हता. पण यादीतली नववी ओळ तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

काय लिहावं हे सुचेना, आणि हाताने जे लिहिलं ते वाचून तिलाच चटका बसला. ते त्या गोळ्यांवाल्या बाईचंच वाक्य होतं. 'तुझं काही वाया जाणार नाही.' खाली देल्फिना उर्किसा. तारीख.

चायोने पान फाडून घेतलं, घडी करून ब्लाउजमध्ये खोचलं, मोजे काढून मुकादमाच्या टेबलावर ठेवले आणि न बोलता गाडीत येऊन बसली. मुकादम मागून ओरडत होता. दोघींनी ऐकलं नाही.

ओळखपत्रासाठी आधी चायोच्या घरी जावं लागलं, मग रेल्वेच्या फाटकात मालगाडी आडवी आली. थाओंच्या खोलीत शिरल्या तेव्हा पाच वाजायला सतरा मिनिटं होती. चायोचा नवा क्रमांक निघाला, तिने तो टाकला, बटण दाबलं, आणि पडद्यावर तिचं नाव आलं. ती रडली, मग हसली, मग थाओंना मिठी मारून त्यांचा चष्मा वाकडा केला.

"आता तुम्ही," थाओ देल्फिनाला म्हणाले.

देल्फिना खुर्चीत बसली. क्रमांक टाकला, दोनदा ताडून पाहिला. बोट बटणाजवळ नेलं आणि मागे घेतलं. पाच वाजायला सहा मिनिटं. थाओंनी घसा खाकरला. पाच मिनिटं.

"कोमाद्रे, काय झालं?"

देल्फिनाने हात मांडीवर ठेवला. "माझं काही वाया जाणार नाही, असं मला कोणी सांगितलंय?"

चायोने ब्लाउजमधून घडी काढली, उलगडली आणि कीबोर्डवर तिच्यासमोर ठेवली. कागदाला संत्र्याचा वास येत होता.

"हे वाच. याच्या भरवशावर मी काम सोडून आलेय. अक्षर ओळखीचं आहे ना?"

देल्फिनाने वाचलं. शेवटी सही होती, तारीख होती, दोन्ही व्यवस्थित. तिने बटण दाबलं.

तिच्या नावाचं पान आलं तेव्हा तिने आधी थाओंना दोन प्रती छापायला सांगितल्या आणि मगच रडली. डोळे पुसून झाल्यावर तिने कीबोर्डवरचा तो आपल्या सहीचा कागद वहीत परत लावायला हात पुढे केला. चायोने तो झटकन उचलला आणि पुन्हा ब्लाउजमध्ये खोचला.

"हा माझ्याकडे राहील. डिग्री हातात पडली की देईन."

देल्फिनाला त्यात काही गैर वाटलं नाही. तिनेही तेच केलं असतं.