नाव घ्या, बाई

बेलापूरच्या कोर्टात बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचं नाव मी विचारलं नाही. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, त्यामुळे भावकीतलं कोर्टाचं काम निघालं की मलाच धाडतात.

बाईंचा घटस्फोट कॅनडात झाला होता. इथल्या कोर्टानं तो मानल्याशिवाय त्यांना इथं दुसरं लग्न करता येत नव्हतं. त्यांचे वकील जबाबाची तालीम घेत होते.

"घटस्फोट कुणाशी झाला?"

"यांच्याशी." बाईंनी पलीकडे वडापाव खाणाऱ्या गृहस्थांकडे हनुवटी उडवली.

"जजसाहेब 'यांच्याशी' लिहून घेणार नाहीत. नाव घ्या."

बाईंनी ओढणी बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. नाव काही येईना.

मला राहवेना. "ताई, नवऱ्याचं नाव घेतल्यानं त्याचं आयुष्य कमी होत नाही. ग्रॅज्युएट माणूस सांगतोय."

"मी एमएस्सी आहे," त्या म्हणाल्या. "तिकडं इंग्रजीत घेतलं की धडाधड. मराठीत जीभच वळत नाही. आई डोळे वटारते असं वाटतं."

गृहस्थ म्हणाले, "घे गं बिनधास्त. बीपी नॉर्मल आहे माझं."

पुकारा झाला. वकिलांबरोबर दोघं आत गेले. थोड्या वेळानं बाईंच्या आवाजात गृहस्थांचं वडिलांच्या नावासकट, आडनावासकट अख्खं नाव बाहेर बाकापर्यंत ऐकू आलं.

वकील हसत बाहेर आले. "झालं! आता निकालाला अडचण नाही."

गृहस्थ जिन्याकडे निघाले, तशा मागून बाई ओरडल्या, "अहो, चष्मा राहिला तुमचा!"

"आलो गं," म्हणत ते वळले.

वकिलांनी घाईघाईनं कोर्टाचं दार लोटून घेतलं.