पास्कोचा दिवा

आमच्या कॉर्नवॉलच्या टेकडीवर समुद्राचं धुकं चढलं की गाव भरदुपारी डोळे मिटतं. अशा धुक्यात पास्को ट्रेंबाथ दारोदार पक्षाची पत्रकं टाकत फिरायचा. हातात लाकडी उलथणं. पत्रक त्या उलथण्यानं दारातल्या पत्रांच्या फटीतून आत ढकलायचं, म्हणजे आतल्या कुत्र्याच्या तोंडी बोटं जात नाहीत. तीस वर्षं हेच. त्याचा पक्ष छोटा, हरायची सवय झालेला. माझा मोठा.

"आमच्यात ये रे, एकदा तरी जिंकशील," मी चिडवायचो.

"मग तुम्हाला प्रश्न कोण विचारणार?"

आणि विचारायचाच. कौन्सिलच्या प्रत्येक बैठकीत, लोकांच्या बाकावरून उठून: चॅपलच्या बोळात दिवा कधी लागणार? चार वर्षं आमचे कान किटले. शेवटी आम्ही दिवा लावला आणि फोटोत आमचाच माणूस हसला. मला अजून त्याची लाज वाटते.

यंदा कौन्सिलच्या निवडणुकीला पास्को सातव्यांदा उभा राहिला. वय बहात्तर. मरण्याआधी एकदा तरी कौन्सिलच्या खुर्चीत बसून प्रश्न विचारायचा होता त्याला. "ही शेवटची," म्हणाला. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर आम्ही दोघं शेजारी बसून, आपापल्या पक्षासाठी, येणाऱ्या मतदारांचे यादीतले नंबर टिपत होतो. तो पाय मोकळे करायला गेला की त्याचेही मीच टिपायचो. केशर घातलेला गोड बन अर्धा अर्धा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी शाळेत मोजणी झाली. आम्ही एका मताने पुढे, आणि एक मतपत्रिका बाजूला काढलेली. पास्कोच्या नावापुढे फुली, खाली थरथरतं अक्षर: 'दिवा लागला. आता मला पायरी दिसते.' ती धरली तर बरोबरी, मग चिठ्ठ्या टाकून निकाल.

"मतदार ओळखू येत असेल तर मत बाद," अधिकारी बाई म्हणाल्या. "येतोय कुणाला?"

मला येत नव्हता. पास्कोनं वाकून ती ओळ पुन्हा वाचली.

"येतोय," तो म्हणाला. "मला."

संध्याकाळी तो हरल्यानंतरची आभारपत्रकं वाटायला निघाला. मला घरी बसवेना, मीही सोबत गेलो. चॅपलच्या बोळात धुकं दिव्याभोवती पिवळं झालं होतं. त्याखाली, आपल्या पायरीवर, नव्वदी उलटलेली टॅमसिन मावशी उभी होती.

"काय रे पास्को, माझा निरोप पोचला?"

"पोचला, मावशी. सगळ्यांदेखत वाचला."

"आणि तरी हरलास, मेल्या? बरं, पुढच्या खेपेला मोठ्या अक्षरात लिहीन."

पास्कोनं उलथणं खिशात खुपसलं.

"लिही," तो म्हणाला. "मी उभा राहतो."