सतरा नंबरची बाटली

"घाई नको, स्वल्प थांब," असं म्हणत अक्का चष्मा कपाळावर चढवायच्या आणि कागदावर उमटणाऱ्या रेघेवर नाक टेकेपर्यंत वाकायच्या.

मी सातवीतून शाळा सोडलेली, नवऱ्यामागे साताऱ्याकडून बेंगळुरूला आलेली. प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याचं काम त्यांनीच दिलं. मी 'मॅडम' म्हटलं तर म्हणाल्या, "अक्का म्हण. आमचं घराणं इथंच मुरलंय, मराठी चुकली तर हसू नको." परक्या गावात कुणी आपल्या भाषेत रागावलं तरी बरं वाटतं, तुम्हालाही ठाऊक असेल.

कार्बनच्या काडीच्या टोकावर अक्का डीएनएचा थेंब वाळवायच्या आणि काडी पाण्याच्या नमुन्यात बुडवायच्या. मग यंत्र कागदावर डोंगर काढायचं. पाण्यात डीएनएला बाधणारं रसायन असलं की डोंगर खचायचा. अक्का स्वतः विष मिसळत तेव्हा खचायचाच; बाहेरच्या पाण्यात मात्र वर्षभर काही सापडलं नव्हतं. "माझं यंत्र भोळं आहे गं, सगळ्यांना चांगलंच म्हणतं."

बाटलीवर फक्त नंबर, ठिकाण नाही, हा त्यांचा नियम. ठिकाण कळलं की डोळे लबाडी करतात म्हणे. मला तेव्हा पाचवा महिना होता. पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या आमच्या चाळीच्या बोअरचं पाणी मी गुपचूप सतरा नंबर लावून रांगेत ठेवलं.

डोंगर खचला. अक्कांनी तीनदा करून पाहिलं, तीनदा खचला. "सापडलं बघ," त्या म्हणाल्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "कुठलं गं हे सतरा?"

"आमच्या बोअरचं, अक्का. रोज पिते मी."

त्या स्टुलावर बसल्या.

"काय आहे त्यात?"

"ते हे यंत्र सांगत नाही."

"आणि बाळाला?"

"मला ठाऊक नाही गं." एवढ्या शिकलेल्या बाई, पण माझ्याकडे बघवेना त्यांना.

त्यांनी दोन कचेऱ्यांत अर्ज दिले. दोन्हीकडे एकच प्रश्न, विषाचं नाव काय? मी चाळीत सांगितलं, तर म्हणाले, मग प्यायचं काय? अक्का रोज जे. पी. नगरच्या घरून पाण्याचा कॅन स्कूटरवर पायांत धरून आणू लागल्या. "सरी," त्या कानडीत 'बरं' म्हणायच्या, "आधी पी, मग भांडी."

आठव्या महिन्यात प्रकल्पाची मुदत संपली. अक्कांना दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली. निघताना त्यांनी माझ्या पोटावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोअरवर रांग होती. पुढच्या बाईने कडेवरच्या लेकराला ओंजळीने पाणी पाजलं. मी बघत राहिले. माझी पाळी आली तशी कळशी लावली.