सरांकडे नेलेलं पाणी

सर गेल्याच्या पाचव्या दिवशी मी त्यांच्या जुळे सोलापुरातल्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर फेटा बांधलेला एक म्हातारा बसला होता. त्याला ओळखलं आणि दारातूनच मागं फिरावंसं वाटलं. पण काकूंनी पाहिलं होतं. "ये रे," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

या म्हाताऱ्याची विहीर आमच्या रंगखान्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी आहे. तिथं मी चादरीच्या सुताची रंगाई बघतो. ही नोकरी सरांच्याच शब्दावर लागली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी रसायनशास्त्रात नापास झालो, तेव्हा त्यांनी वर्षभर दर रविवारी घरी बोलावून शिकवलं. डाव्या हातानं ब्युरेटची तोटी फिरवायची, उजव्यानं फ्लास्क हलवायचा. माझे हात दर वेळी उलटे पडायचे आणि सर दर वेळी, न चिडता, पहिल्यापासून दाखवायचे.

दोन वर्षांपूर्वी हाच म्हातारा पाणी मचूळ लागतं म्हणून सरांकडे आला होता. निवृत्तीनंतर सर गॅलरीत टेबल मांडून लोकांच्या विहिरींचं पाणी फुकट तपासून देत. गुडघ्यांमुळे त्यांना विहिरीपर्यंत जाणं जमेना. मला म्हणाले, "तू तिथंच असतोस. नमुना तूच आण, दुसऱ्या कुणाच्या हातचा नको."

मी ते मालकांच्या कानावर घातलं. मालक एवढंच म्हणाले, "सर तुमचेच आहेत ना? मग बघा तुम्ही."

मी बघितलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला देवळाची विहीर आहे. रंगखान्यातून ओढ्यात सुटणारं आमचं पाणी तिथं पोचत नाही. बाटली तिथून भरली.

सरांनी माझ्यासमोरच तपासलं. सिल्व्हर नायट्रेटचे थोडेच थेंब पडले आणि सूचक घालून पिवळं केलेलं पाणी विटकरी झालं. म्हणजे क्षार अगदी कमी. सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा.

"मचूळ म्हणतात, आणि हे तर गोडं पाणी आहे. तू स्वतः भरलंस ना?"

"हो सर."

"मग झालं." त्यांनी कागद ओढला आणि पाणी पिण्यास योग्य आहे असं लिहून सही केली.

त्यानंतर कितीदा तरी त्यांच्याकडे गेलो. सांगायचं ठरवून जायचो आणि पोहे खाऊन परत यायचो.

"सायेब, लई मोठा मानूस गेला बगा," म्हातारा आता मला म्हणाला. "घरात समदी बोंबलत्यात, पानी खारं लागतंय. मी म्हनतो, तुमची जीभ शानी का सर शानं? कागद हाय की माझ्याकडं!" तो हसला. "आता नातीलाबी तेच पाजतोय. वरसाची झाली."



"आबा, ते पाणी पिऊ नका."

"का वं? सरांनी लिवलंय की."

"सरांनी तुमच्या विहिरीचं पाणी तपासलंच नाही. मी त्यांना देवळाच्या विहिरीचं आणून दिलं."

आत कपबशांचा आवाज थांबला.

"म्हंजी सरांनी खोटं..."

"सरांना ठाऊक नव्हतं. त्यांनाही मीच फसवलं."

 म्हाताऱ्यानं खिशातून मोबाइल काढून घरी फोन लावला. "पोरीला हिरीचं पानी देऊ नगंस. व्हय, तू म्हनत हुतीस तेच खरं. आल्यावर सांगतो." फोन ठेवून तो उठला.

"गाडी हाय न्हवं तुमची? चला. दोन वरसं घरच्यास्नी मी येड्यात काढलंय. आता त्यास्नी तुमीच सांगा."

काकू दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी मान फिरवली.

"जा," म्हणाल्या.

चहा न घेताच निघालो. गाडीवर बसताना म्हाताऱ्यानं माझ्या खांद्याचा आधार घेतला नाही. मागची दांडी घट्ट धरून बसला.