फिल्टरला लावलेलं तेल

मिरजेच्या दवाखान्यात मी डायलिसिसच्या मशीनला जोडलेली होते, तेव्हा आमचे हे खाली गाडीत बसल्या जागी गेले. मला लगेच कुणी सांगितलं नाही. मशीन चालू असताना बाईंना धक्का नको, असं नर्सनं ठरवलं. म्हणजे सगळ्या दवाखान्याला कळलं होतं आणि मी आपली छताकडं बघत, आज घरी जाऊन आमटी करावी की पिठलं, याचा विचार करत पडले होते... नंतर वॉचमन हात जोडून म्हणाला, "मॅडम, गाडीचं इंजिन मधनंच चालू व्हायचं, मधनंच बंद व्हायचं. मला वाटलं, काका न्हेमीसारखं कायतरी तपासत्यात." त्याचा तरी काय दोष? हायब्रीड गाडी ती. एसी चालू असला की बॅटरी उतरते, मग इंजिन आपोआप सुरू होतं. बॅटरी भरली की आपोआप गप्प बसतं. आत बसलेला माणूस आहे की गेला, हे तिला कुठून कळणार?

जाणारी खरं तर मी होते. मूत्रपिंडं माझी निकामी झालेली, पथ्य माझं, गोळ्यांचा डबा माझा. माझ्या माघारी ह्यांना जमावं म्हणून मी भाकरी थापायलासुद्धा शिकवली होती. ते शिकलेही. भाकऱ्या कर्नाटकच्या नकाशासारख्या व्हायच्या, पण पोटात जायच्या. आणि गेले तेच पुढं. इतका राग येतो म्हणून सांगू!

हे लष्करात गाड्यांच्या वर्कशॉपात होते. निवृत्तीनंतर आम्ही जतजवळ गावी राहिलो, मी तिथंच प्राथमिक शाळेत शिकवत होते. मला डायलिसिस लागलं तेव्हा पुण्याच्या लेकीनं तिची जुनी हायब्रीड गाडी आम्हाला दिली. आठवड्यातून दोनदा जत ते मिरज. एसटीनं परत येताना मला उभं राहवत नसे, म्हणून ही गाडी म्हणजे आमचा जीव होता. ह्यांनी पहिल्याच दिवशी बॉनेट उघडलं आणि तोंड वाकडं केलं. "बाई, ह्यात हात घालाय जागाच न्हाई." मी शाळेत बाई होते, म्हणून हेही मला बाईच म्हणायचे. चिडवायला सुरू केलं होतं, ते तसंच राहिलं.

एकदा मिरजेला जाताना कवठेमहांकाळच्या पुढं इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी ओढेना. मागनं ट्रक हॉर्न मारतायत, आणि ह्यांच्या कपाळावर घाम. मी घाबरले नव्हते. मी म्हटलं, पोचू हो, नाहीतर नाही. तर हा माणूस, ज्यानं बर्फातून गाड्या काढल्या, तो स्टिअरिंगकडं बघत म्हणाला, "तू असं बोलू नगंस." आणि मिरजेपर्यंत गाडी रस्त्याच्या कडेकडेनं नेली.

सांगलीच्या गॅरेजात मशीन लावून कोड काढला. हवा मोजणारा सेन्सर चुकीचं माप देतोय, असा त्याचा अर्थ. नवा सेन्सर घाला, म्हणाले. हे कसले ऐकतात! कोड म्हणजे गाडीचं गाऱ्हाणं, निदान नव्हे. कारण सापडल्याशिवाय तो पुसायचा नाही, हा ह्यांचा नियम. कोड वाचायचं छोटं यंत्र आणलं, ते माझ्या मोबाइलला जोडलं आणि अंगणात दवाखाना मांडला. हायब्रीडची गंमत अशी, की इंजिन ऐकायला वाकावं तर ते नेमकं बंद पडतं. मग ब्रेक आणि एक्सलरेटर ठरलेल्या क्रमानं दाबून ते सतत चालू ठेवायची युक्ती ह्यांनी शिकून घेतली. मी सीटवर बसून मोबाइलवरचे आकडे मोठ्यानं वाचायची, हे बॉनेटखालून "हं... हं..." करायचे. नळ्या तपासल्या, कुठं चीर नाही. शेवटी सेन्सर काढला, तर त्याच्या बारीक तारेवर तेलकट थर. स्प्रेनं धुतला, दिवा गेला. काही दिवसांनी पुन्हा हजर. पुन्हा धुतला, पुन्हा आला. इंजिनातनंच तेल उलटं येतंय, असं धरून ह्यांनी अर्धं इंजिन उघडायचं ठरवलं.

त्या रविवारी मी पायरीवर शेंगा फोडत बसले होते. समोर हे एअर फिल्टर मांडीवर घेऊन त्याला कापसाच्या बोळ्यानं तेल लावत होते. दर रविवारचं काम. लष्करातल्या जुन्या गाड्यांत धूळ अडवायला फिल्टरखाली तेलच असायचं, आणि आमच्या जतची धूळ तर तुम्हाला ठाऊक आहे. मी विचारलं, "आवं, हे तेल पुढं जातं कुठं?"

हात थांबला. फिल्टर उजेडाकडं धरून बघितला. मग मीच म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा. तेव्हा कुठं हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. ह्या गाडीचा फिल्टर कागदाचा, तो कोरडाच ठेवायचा; लावलेलं तेल हवेबरोबर पुढं जाऊन सेन्सरवरच बसत होतं. पुन्हा तेल लावणार नाही, असं त्यांनी मला कबूल केलं.

हे गेल्यावर लेक म्हणाली, पुण्याला चल. वाटेत गाडी बंद पडली तर कोण आहे तुला? मी नाही म्हटलं. शेजारचा सुरेश गाडी चालवतो, त्याच्याबरोबर जाते-येते. मागच्या आठवड्यात मिरजेहून येताना दिवा लागला. तोच. सुरेश म्हणाला, "काकू, मोबाइलवनं पुसून टाकू की." मी त्याला अंगणात फिल्टरचा डबा उघडायला लावला.

फिल्टर तेलानं माखलेला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते काय खोटं? मी झोपले की, नाहीतर देवळात गेले की, लावत असणार. धुळीनं इंजिन बिघडेल, वाटेत मी अडकेन, ही धास्ती कबुलीपेक्षा मोठी ठरली. मी तिथंच भांडायला लागले. "शब्द दिला होता न्हवं तुमी?" सुरेश हळूच फाटकापाशी जाऊन उभा राहिला. मला भांडायचं होतं हो... पण समोरून उत्तर यायला नको का? एकटीनं किती भांडणार?

सेन्सर धुतला, नवा कोरडा फिल्टर घातला. जुना सुरेश फेकणार होता, तो मी मागून घेतला. स्वयंपाकघरात फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. तेल कागदावर उतरतं, म्हणून अधूनमधून कागद बदलते.

गाडी आता उत्तम चालते. तिच्यात ह्यांच्या हातचं काही राहिलेलं नाही.